ई-आधार आणि बँक स्टेटमेंटचा पासवर्ड कायमचा काढायचा असेल तर

प्रश्न असा आहे : पासवर्ड माहीत आहे, फाईल उघडते, पण पोर्टलवर चढवताना 'प्रोटेक्टेड फाईल' म्हणून नाकारली जाते. डाउनलोडचं बटण दाबून नवी प्रत केली तरी तेच होतं. ते होणारच. ब्राउझरमधलं डाउनलोड बटण मूळ फाईल जशीच्या तशी, कुलपासकट उतरवतं. पासवर्ड टाकल्यावर फाईल फक्त तेवढ्यापुरती पडद्यावर उलगडते, डिस्कवरची प्रत कुलूपबंदच राहते.

सोपा मार्ग क्रोमचा. फाईल क्रोममध्ये ओढून टाका, पासवर्ड द्या, कंट्रोल आणि पी दाबा, डेस्टिनेशनमध्ये 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडा आणि वेगळ्या नावाने साठवा. 'प्रिंट ॲज इमेज'वर खूण असेल तर ती आधी काढा. नाहीतर प्रत्येक पान चित्र बनतं, फाईल फुगते आणि पोर्टलची केबीची मर्यादा ओलांडते. मॅकवर प्रिव्ह्यूमध्ये उघडून 'एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ' केलं की झालं.

हेच काम फायरफॉक्समध्ये केलं तर होतं, पण तो छापताना कधी कधी पानांची चित्रं करतो. स्टेटमेंटमधले आकडे मग एक्सेलमध्ये कॉपी होत नाहीत. आधारवरचा क्यूआर कोड फार दाट असतो, तो अशा प्रतीतून स्कॅन झाला नाही तर नवल नाही. लिब्रेऑफिस ड्रॉ मात्र या कामाला वापरूच नका. तो पानाचे तुकडे करून पुन्हा मांडतो, आणि त्यात मराठी जोडाक्षरं सुटी पडतात किंवा फाँट बदलतो. ॲडोबीच्या फुकट रीडरमध्ये कुलूप काढायची सोय नाही, ती पैसे मोजून घ्यायच्या ॲक्रोबॅट प्रोमध्ये आहे.

वर्षभराची बारा स्टेटमेंटं मोकळी करायची असतील तर क्यूपीडीएफ घ्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड लिहून चालवायचा प्रोग्राम. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि इंटरनेट लागत नाही. कमांडमध्ये आधी त्याचं नाव, मग दोन उणे चिन्हांनी सुरू होणारे 'पासवर्ड' आणि 'डिक्रिप्ट' हे पर्याय (पहिल्याला बरोबरचं चिन्ह लावून पासवर्ड जोडायचा), शेवटी जुन्या आणि नव्या फाईलचं नाव. नावात मोकळी जागा असेल तर अवतरणचिन्हं हवीत; पासवर्डात ॲम्परसँडसारखं चिन्ह असेल तर त्यालाही. इथे पान पुन्हा छापलं जात नाही, फक्त कुलूप निघतं, म्हणून अक्षरं, फाँट, दुवे सगळं जागच्या जागी राहतं. माझी पसंती यालाच. मात्र असा टाकलेला पासवर्ड टर्मिनलच्या इतिहासात राहू शकतो, सामाईक संगणकावर हे ध्यानात ठेवा.

फाईल उघडताना पासवर्ड मागत नाही पण छापू किंवा कॉपी करू देत नाही, हा दुसरा प्रकार. छपाईलाच बंदी असेल तर क्रोमचा छपाईमार्ग अडतो. फाईल तुमची स्वतःची असेल तर क्यूपीडीएफ ते बंधन पासवर्डाशिवायही काढतं.

आता एक गोष्ट जी बहुतेकजण विसरतात : ई-आधारवर डिजिटल सही असते. ती फाईलच्या बाइट्सना बांधलेली असते, त्यामुळे वरच्या कुठल्याही मार्गाने केलेल्या प्रतीत ती टिकत नाही. सहीचा चौकोन दिसेलही, पण तपासायला गेलात तर ती वैध ठरणार नाही. म्हणून मूळ फाईल पुसू नका. सही तपासणाऱ्याला मूळ द्या, नुसती प्रत मागणाऱ्याला मोकळी.

पासवर्डच चालत नसेल तर आधी सूत्र तपासा. ई-आधारला आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं साल, आकडेही इंग्रजी. जागा मोजत नाहीत, पण टिंब मोजतात : 'पी. कुमार' असेल तर पी, टिंब, के, यू. नाव तीनच अक्षरांचं असेल तर तीनच. आयकराच्या एआयएसला (वर्षभराच्या व्यवहारांचं माहितीपत्रक) उलट, पॅन स्मॉल अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख, दिवस-महिना-साल अशी आठ आकड्यांत. एनएसडीएल या डिपॉझिटरीच्या, शेअर-फंडांच्या एकत्रित खातेपत्रकाला पॅन कॅपिटलमध्ये. बँकांची सूत्रं वेगवेगळी, ती बहुधा स्टेटमेंटच्या ई-मेलमध्येच लिहिलेली असतात.

'अनलॉक पीडीएफ' म्हणणाऱ्या संकेतस्थळांवर आधार किंवा स्टेटमेंट चढवू नका. तिथे फाईल आणि तिची किल्ली दोन्ही परक्या सर्व्हरवर जातात, आणि तेच काम तुमच्याच संगणकावर होतं. सायबर कॅफेत केलंत तर डाउनलोड्स आणि रिसायकल बिन दोन्हींतून मोकळी प्रत काढा. पूर्ण क्रमांक लागणार नसेल तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार उतरवा, त्यालाही तोच पासवर्ड लागतो.