वाहनविषयक प्रश्नोत्तरे : इंजिन फ्लश करून घ्यावे का?

प्रश्न : माझ्याकडे २०१७ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी असून तिचे ६२,००० किलोमीटर झाले आहेत. पहिल्या दिवसापासून सर्व्हिसिंग वेळेवर केले आहे आणि सगळी बिले जपून ठेवली आहेत. गेल्या दोन्ही वेळा अंदाजपत्रकात ‘इंजिन फ्लश’ या नावाने ६५० रुपये लावलेले आढळले. विचारल्यावर ‘आतली घाण निघून जाते’ असे सांगून काढलेले काळेकुट्ट तेल दाखवण्यात आले. हा खर्च आवश्यक आहे का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून पाहता आपल्या गाडीला फ्लशची गरज नाही.

फ्लश म्हणजे रॉकेलच्या जातकुळीतल्या पातळ द्रावकात डिटर्जंट मिसळून केलेले मिश्रण. जुने तेल काढण्यापूर्वी त्याची पाव-अर्ध्या लिटरची बाटली इंजिनात ओततात, गाडी जागेवरच १० ते १५ मिनिटे आयडलिंगला ठेवतात, आणि मग तेल व फिल्टर बदलतात. आता गंमत अशी की, डबाबंद इंजिन ऑइलमध्येही कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमयुक्त डिटर्जंट आणि काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देणारी डिस्पर्संट नावाची द्रव्ये मुळातच असतात. जे काम फ्लश १५ मिनिटांत करतो असे सांगितले जाते, तेच काम आपल्या इंजिनातले तेल वर्षभर, गाडी चालेल तेवढा वेळ, करतच असते. आणि तेलबदलाच्या वेळी ती पकडून ठेवलेली घाण तेलाबरोबर बाहेर जाते.

म्हणूनच काळे तेल दाखवून काहीच सिद्ध होत नाही. धुणे धुतल्यावर बादलीतले पाणी गढूळ झाले, तर आपण साबण चांगला निघाला असे म्हणतो, तसेच हे आहे. ते तेल फ्लश न टाकताही काळेच निघाले असते. खात्री करायची असेल, तर पुढच्या वेळी बाटली ओतण्यापूर्वी डिपस्टिक बाहेर काढायला सांगून तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्यावा आणि नंतर निघालेल्या तेलाचा थेंब त्याच्या शेजारी ठेवावा. रंगात आपल्याला फरक जाणवेल असे मला वाटत नाही.

त्याहून उपयोगी पाहणी घरच्या घरी करता येते. इंजिन थंड असताना तेल भरण्याचे झाकण उघडून आत विजेरीचा झोत टाकावा. कॅमशाफ्टच्या आसपासचा धातू उघडा दिसत असेल, किंवा त्यावर मधाच्या रंगाची तपकिरी झाक असेल, तर इंजिन उत्तम स्थितीत आहे. डांबरासारखा काळा थर किंवा गुठळ्या दिसल्या, तर मात्र तो गाळ, म्हणजे स्लज होय. पावसाळ्यात झाकणाच्या आतल्या बाजूस पांढरट, लोण्यासारखा थर दिसला, तर लगेच घाबरू नये. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल, तर इंजिन पुरेसे तापत नाही, आतले बाष्प उडून जात नाही आणि तेलाशी मिसळून तो थर बनतो. एकदा तास-दीड तास हमरस्त्यावर गाडी चालवली की तो बहुधा जातो. कूलंटची पातळीही घटत असेल, तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळू न देणारे इंजिनातले पॅकिंग, तपासून घ्यावे लागेल.

फ्लशमुळे नुकसान होते का, असेही अनेकजण विचारतात. द्रावक आत शिल्लक राहून नवे तेल पातळ होते, अशी भीती घातली जाते. ती बाटलीतल्या फ्लशच्या बाबतीत मला अवाजवी वाटते. आपल्यासारख्या गाडीत साधारण ३ लिटर तेल मावते. त्यात ३०० मिली फ्लश टाकला आणि सगळे काढूनही पाव लिटर मिश्रण कानाकोपऱ्यांत राहिले, तरी त्यात द्रावक जेमतेम २० ते २५ मिली असेल, म्हणजे नव्या तेलाच्या एक टक्क्याहूनही कमी. खरी जपणूक फ्लश आत असताना हवी : त्या वेळी तेल पातळ झालेले असल्यामुळे इंजिन रेज करू नये आणि गाडी तर मुळीच चालवू नये. शिवाय काही इंजिनांत टायमिंग बेल्ट तेलातच फिरतो. फोर्ड इकोस्पोर्टचे १ लिटरचे इकोबूस्ट इंजिन हे त्याचे आपल्याकडचे उदाहरण. अशा रबरी पट्ट्याशी द्रावकाची गाठ घालू नये.

थोडक्यात, स्वच्छ इंजिनात फ्लशला धुवायला काही नसते, त्यामुळे तोटा होतो तो बहुतांशी खिशाचा. जॉब कार्डवर सही करण्यापूर्वी ती ओळ काढून टाकण्यास सांगावे. गाडीच्या पुस्तिकेतील सर्व्हिसच्या तक्त्यात हे काम लिहिलेले आहे का, हेही त्यांच्यासमोरच पाहावे. ते ६५० रुपये वाचवून तेल थोडे लवकर बदललेत तर इंजिनाच्या कामी येतील. १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष ही आपल्याकडे सर्रास दिली जाणारी मुदत आहे. पण धूळ, कोंडी आणि लहान फेऱ्या हेच जिचे रोजचे जिणे आहे, अशा गाडीसाठी बहुतेक पुस्तिकांत याहून कमी अंतराचा वेगळा तक्ता असतो आणि तो वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

प्रश्न : मी नुकतीच १,१०,००० किलोमीटर झालेली डिझेल गाडी विकत घेतली. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसची नोंद नाही. झाकणाखाली डांबरासारखा चिकट थर आहे. अशा वेळी तरी फ्लश करावा ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फ्लशची आठवण नेमकी अशा गाडीत होते आणि तो सर्वांत धोक्याचाही येथेच ठरतो. डिझेल इंजिनात नवे तेलसुद्धा काही शे किलोमीटरमध्येच काळे पडते, तेव्हा तेलाच्या रंगाकडे दुर्लक्ष करावे. पण आपण वर्णन केलेला थर हा गाळच आहे. तो तेल वेळेवर न बदलल्याने, अति उष्णतेने आणि लहान फेऱ्यांनी साचतो. क्वचित इंजिनाची रचनाही त्याला हातभार लावते. टोयोटाच्या १९९७ ते २००२ या काळातील काही इंजिनांबाबत अमेरिकेत अशा तक्रारी आल्यावर कंपनीला २००२ मध्ये सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी दुरुस्तीचे खास धोरण जाहीर करावे लागले होते.

अशा इंजिनात तीव्र द्रावक ओतला, तर थर विरघळण्याऐवजी त्याच्या खपल्या निघतात. त्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्यात, उतरून ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जाऊन बसतात, तेलाचा दाब घसरतो आणि सर्वांत आधी टर्बोच्या बेअरिंगला त्याची झळ पोहोचते. ज्या गाड्या ‘फ्लश केल्यावर बिघडल्या’ असे आपण ऐकतो, त्यांतल्या बऱ्याच अशाच असणार. आजार जुना, निमित्त बाटलीचे.

मी आपल्या जागी असतो, तर प्रथम चेंबर उतरवून तो आणि आतली जाळी साफ करून घेतली असती आणि टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण, काढून हाताला लागेल तेवढा थर हाताने काढवला असता. त्यानंतर पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे चांगले तेल भरून, ते फिल्टरसह दर ३,००० किलोमीटरला असे दोन-तीन वेळा बदलावे. तेलातली डिटर्जंट्स उरलेला थर हळूहळू, सूक्ष्म कणांच्या रूपात सोडवतील आणि ते कण फिल्टर अडवील. मधल्या काळात तेलाचा लाल दिवा क्षणभर जरी लुकलुकला, तरी गाडी तिथेच बंद करून टो करून न्यावी.

प्रश्न : आमच्या गावातील मेकॅनिक मोटारसायकलचे ऑइल बदलताना इंजिनात डिझेल भरून पाच मिनिटे चालू ठेवतो व मग काढून टाकतो. हे योग्य आहे का? (एक वाचक, बारामती)

उत्तर : नाही. वर मांडलेला हिशेब येथे उलटतो. मोटारसायकलमध्ये जेमतेम एक लिटर तेल असते; सगळे तेल काढून नुसते डिझेल भरले आणि त्यातले १०० मिली जरी आत राहिले, तरी नव्या तेलात दहा टक्क्यांच्या आसपास डिझेल मिसळले जाते. इंजिन चालू असताना त्या पाच मिनिटांत बोअर, पिस्टन आणि कॅम यांना वंगण म्हणून केवळ डिझेलच मिळते, तेही वेगळे. शिवाय बहुतेक मोटारसायकलींत क्लचच्या प्लेटा आणि गिअरबॉक्स त्याच तेलात बुडालेले असतात, त्यामुळे मोटारीसाठीच्या फ्लशची बाटलीही त्यात चालत नाही. मेकॅनिकला इतकेच सांगावे, की पाच-सात किलोमीटर चालवून आणलेल्या गरम गाडीचे तेल काढा आणि ड्रेन बोल्ट उघडा ठेवून १५ मिनिटे गाडी मुख्य स्टँडवर निथळू द्या. बोल्टचा वॉशर मात्र दर वेळी नवा टाकून घ्यावा.