वर्किंग कमिटी नक्की करते काय?

प्रश्न : काँग्रेस वर्किंग कमिटीची बैठक झाली असं सारखं ऐकतो. ही कमिटी निवडून येते की नेमली जाते?

उत्तर : दोन्ही, म्हणजे कागदावर तरी. ही कमिटी आली 1920 च्या नागपूर अधिवेशनात, गांधीजींच्या पुढाकाराने पक्षाची नवी घटना झाली तेव्हा, कारण वर्षातून एकदा भरणाऱ्या अधिवेशनावर रोजचा कारभार चालणार कसा! तिचं वजन बघायचं तर 14 जुलै 1942 ला वर्ध्यात तिनेच इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला, मग 8 ऑगस्टला मुंबईत गवालिया टँक मैदानावर महासमितीने, म्हणजे पक्षाच्या देशभरातल्या प्रतिनिधींच्या मोठ्या समितीने, त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि लगेच नेहरू, पटेल, आझाद वगैरे मेंबर अहमदनगरच्या किल्ल्यात कैद झाले.

आता निवडणुकीचं. काही जागा महासमितीने मतदानाने भरायच्या, बाकी अध्यक्षांनी नेमायच्या असा नियम, पण 1992 ला तिरुपतीत आणि 1997 ला कलकत्त्यात मतदान झालं त्यानंतर नाहीच. 2023 ला रायपूरमध्येही सगळी नावं ठरवायचे अधिकार पक्षाध्यक्ष खर्गेंनाच दिले. मला हे पटत नाही, कार्यकर्त्याला मत हवंच.