आवडत्या गायिकेचं अ‍ॅवॉर्ड हुकलं की एवढं का लागतं? – वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

या वेळी गाण्यावरचीच पत्रं इतकी आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. सगळी छापणं शक्य नाही, पाच निवडलीत, आणि पहिल्याचं उत्तर लांबणार आहे ते आधीच सांगते कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न : ताई, माझं नाव नको छापूस. माझ्या आवडत्या गायिकेला यंदा मोठं अ‍ॅवॉर्ड मिळणार असं सगळेच म्हणत होते, मी रात्र जागून सोहळा बघितला आणि नाव दुसऱ्याच कुणाचं तरी पुकारलं. मला जे रडू फुटलं ते थांबेचना. दादा म्हणतो तुझं काय गेलं त्यात, ती तुला ओळखते तरी का. तेव्हापासून जिंकलेल्या अल्बमचं कुणी नाव जरी काढलं तरी डोकं फिरतं, त्यांच्या फॅन्सशी भांडणंपण झालीत. आणि वाईट म्हणजे आता तिचीच गाणी लावली की ती रात्र आठवते आणि मी बंद करून टाकते. मी वेडी आहे का ग?

अजिबात नाहीस. आणि दादाच्या प्रश्नाला उत्तर आहे, ते त्याला वाचून दाखव. ती तुला ओळखत नाही हे खरंच, पण तिची गाणी तुझ्या आयुष्यात आहेत, परीक्षेच्या रात्री, कुणाशी तुटलं तेव्हा, उगाचच खूप आनंद झाला तेव्हा, हे सगळं तू तिच्या आवाजासोबत काढलंयस. मग स्टेजवर दुसरं नाव पुकारलं की आपल्याला असं वाटतं की कुणीतरी आपल्या त्या रात्रीच खोट्या ठरवल्या. म्हणून लागतं. मलाही लागतं, अजूनही.

पण ज्यांनी मत दिलं त्यांना तुझ्या रात्री माहीतच नव्हत्या ग. अमेरिकेतल्या संगीताच्या सगळ्यात मोठ्या पुरस्काराचं, ग्रॅमीचंच बघ. तिथे मत आपण ऐकणारे देत नाही, रेकॉर्डिंग अ‍ॅकॅडमीचे सभासद देतात, म्हणजे गाणारे, वाजवणारे, गाणी लिहिणारे, प्रोड्युसर, साउंड इंजिनिअर असे त्या धंद्यातलेच लोक. आधी एका फेरीत नॉमिनेशन ठरतात, मग दुसऱ्या फेरीत विजेता, आणि त्या वर्षाच्या ठरलेल्या मुदतीत आलेलंच धरतात. म्हणजे प्रश्न एवढाच असतो की या एका वर्षात, या लोकांना, या चारआठ नावांमधलं कोणतं जास्त पटलं. मतं विभागली की ज्याला सगळे थोडंथोडं मानतात तो पुढे जाऊ शकतो, आणि ज्याच्यासाठी काही लोक जीव टाकतात तो मागे राहू शकतो. तुझ्या गायिकेचं गाणं चांगलं की वाईट याचा निकाल त्यात लागतच नाही.

अमेरिकन गायिका बियॉन्सेकडे आज 35 ग्रॅमी आहेत, इतके दुसऱ्या कुणाकडेच नाहीत, तरी अल्बम ऑफ द इयर तिला मिळायला 2025 उजाडावं लागलं, त्याआधी चार वेळा तिच्या अल्बमचं नाव यादीत येऊन हुकलं. 2017 मध्ये ते अ‍ॅडेलला मिळालं तेव्हा अ‍ॅडेलनं स्टेजवर उभं राहून बियॉन्सेच्याच अल्बमचं कौतुक केलं. विचार कर, जिच्या हातात अ‍ॅवॉर्ड आलं तिलाच ते दुसरीचं वाटत होतं. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडला स्पर्धेतलं एकही ग्रॅमी मिळालं नाही, 2018 मध्ये जीवनगौरव दिला तेवढाच. लेड झेपलिन या रॉक बँडची गोष्ट तर मला फार आवडते, बँड चालू होता तोवर एकही ग्रॅमी नाही, 1980 मध्ये बँड संपला, आणि शेवटी 2014 मध्ये स्पर्धेतलं जे मिळालं ते 2007 साली लंडनला हयात असलेले तिघे पुन्हा एकत्र येऊन वाजवले होते त्या कॉन्सर्टच्या रेकॉर्डिंगला. आपल्याकडे पंचमदांना, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मनना, तीन फिल्मफेअर, त्यातलं तिसरं 1995 मध्ये, म्हणजे ते गेल्यावर वर्षभरानं. संगीतकार मदनमोहनना एकही फिल्मफेअर नाही! आज त्यांची गाणी ऐकताना कुणाच्या तरी मनात हे येतं का?

आता रागाबद्दल. राग सोडून दे असं मी सांगणार नाही, तो नीट जागी लाव एवढंच सांगेन. 1957 मध्ये फिल्मफेअरच्या सोहळ्यात लताबाईंना गायला बोलावलं होतं, ज्या सिनेमाच्या संगीताला अ‍ॅवॉर्ड मिळालं त्यातलं गाणं त्यांनीच गायलेलं, पण गाणाऱ्यांसाठी वेगळं अ‍ॅवॉर्डच नव्हतं म्हणून त्यांनी सरळ नाही म्हटलं. 1959 पासून पार्श्वगायनाचं अ‍ॅवॉर्ड सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं. तसंच 1989 ला ग्रॅमीत हार्ड रॉक आणि मेटलचं नवीन अ‍ॅवॉर्ड मेटॅलिका या मेटल बँडला मिळणार असं सगळे धरून चालले होते आणि मिळालं जेथ्रो टल या दुसऱ्याच रॉक बँडला, केवढा गदारोळ झाला, आणि पुढच्याच वर्षी त्या अ‍ॅवॉर्डचे दोन वेगळे भाग केले, मेटलचं मेटॅलिकाला मिळालं. म्हणजे रागाचा उपयोग होतो, नियम काय आहेत, मत कोण देतं, कोणता प्रकार यादीतच नाही हे विचारण्यात. जिंकलेल्याच्या फॅनशी भांडून काय मिळणार, ती पोरगीपण तुझ्यासारखीच रात्र जागलेली असते आणि तिचाही जीव त्या गाण्यांवर तेवढाच असतो.

आणि गाणी परत कशी लावायची? हरलेला अल्बम काही दिवस बाजूला ठेव. तिचं अगदी पहिलं काहीतरी काढ, तू तिला शोधलंस तेव्हाचं, ज्याला कसलंच अ‍ॅवॉर्ड नव्हतं आणि तुला त्याचं काही पडलंही नव्हतं. तिथून हळूहळू पुढे ये.

प्रश्न : नमस्कार ताई. ज्या गायकाला मी तीसेक वर्षं ऐकतोय त्याची लाइव्ह कॉन्सर्ट शेवटी एकदाची पाहिली आणि मन खट्टू झालं. सगळी गाणी खालच्या पट्टीत, काही कडवी गाळलेली, चाली बदललेल्या, आणि जिथे खरा वर चढायचा सूर तिथे माईक पब्लिककडे. मागे बसलो होतो तर शब्दही धड कळत नव्हते. ही फसवणूक नाही का?

तुमचं दुःख कळतं मला. तीस वर्षं एक आवाज कानात घट्ट बसलेला असतो आणि समोर दुसराच माणूस गातोय असं वाटतं. पण त्या रेकॉर्डवरचा गळा तीस वर्षं तरुण आहे हो. वय वाढलं की वरचे सूर जड जातात, हे जवळपास सगळ्यांचं होतं, मग ज्याला आपल्या गळ्याची काळजी आहे तो पट्टी उतरवतो, आणि मला ते प्रामाणिकपणाचं वाटतं. मागून तयार आवाज लावून नुसते ओठ हलवले असते तर मी तुमच्याबरोबर भांडायला आले असते. चाल बदलण्याचं म्हणाल तर आपल्या शास्त्रीय गाण्यात तोच राग तोच गायक दुसऱ्या दिवशी वेगळा मांडतो आणि आपण त्यालाच दाद देतो, मग इथेच रेकॉर्डची हुबेहूब नक्कल का मागायची? हां, कडवी गाळली त्याचं मात्र मलाही वाईट वाटलं असतं. आणि माईक पब्लिककडे देणं एखाददुसऱ्या गाण्यात छान, प्रत्येक गाण्यात दिला तर ऐकायला आलेल्या माणसावर अन्याय, यात तुमची तक्रार मला शंभर टक्के मान्य.

शब्द कळत नव्हते त्याचं कारण गायक नसू शकतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर मागे बसलेल्याला तो जवळजवळ पाव ते एक तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येतो. म्हणून मोठ्या मैदानात मध्ये मध्ये वेगळे स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, हे गणित चुकलं की एकाच शब्दाचे दोन दोन तुकडे ऐकू येतात आणि सगळा गोंधळ होतो. पुढच्या वेळी शक्य असेल तर जिथे साउंडवाले मिक्सर घेऊन बसतात त्याच्या आसपासची जागा घ्या, ते तिथे बसून जे ऐकतात त्यावरच सगळा आवाज ठरवतात. अगदी पुढे गेलात तर चेहरा दिसतो पण गाणं अर्धवटच ऐकू येतं.

बीटल्ससारख्यांनी तर 29 ऑगस्ट 1966 ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटची तिकिटाची कॉन्सर्ट केली आणि दौरेच सोडले, त्यामागे बरीच कारणं होती पण त्यातलं एक हे की किंकाळ्यांपुढे त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. त्यांच्या आदल्या वर्षीच्या न्यूयॉर्कच्या कॉन्सर्टला पंचावन्न हजारांच्या वर लोक होते आणि स्टेजवर स्वतःला ऐकू येण्यासाठी आजच्यासारखे मॉनिटर नव्हते. तरीही तिथे असलेले लोक ती रात्र जन्मभर सांगत राहिले. त्यांना नेमकं काय ऐकू आलं असेल याचा मी खूपदा विचार करते, आणि मला वाटतं ते ऐकायला कमी आणि आपण इतके सारे आहोत हे बघायला जास्त गेले असतील. तुम्ही ऐकायला गेला होतात, म्हणून तुमची निराशा मोठी. तुम्हाला लहान हॉलमधली, कमी वाद्यांची मैफल जास्त मानवेल. याच गायकाची तशी कुठे मिळाली तर नक्की जा, तिथे उतरलेल्या पट्टीतसुद्धा शब्दाशब्दाचा जो अर्थ उमटतो तो तरुणपणीच्या रेकॉर्डमध्ये सापडणार नाही.

प्रश्न : कॉन्सर्टमध्ये सगळं मोबाईलवर शूट करावं की नाही? माझं आणि मैत्रिणीचं यावरून वाजलंय.

एक गाणं करा, तेसुद्धा तुमचं सगळ्यात आवडतं सोडून दुसरं. आवडतं गाणं सुरू झालं की फोन खिशात. मागच्याला तुमचा हात आणि स्क्रीन दिसत राहते हेही लक्षात असू द्या, त्यानेही तेवढ्याच हौसेनं तिकीट काढलेलं असतं.

प्रश्न : कॉन्सर्टहून आल्यावर दोन-तीन दिवस मला प्रचंड उदास वाटतं, काही करावंसं वाटत नाही. महिनोन्महिने वाट बघते, तो दिवस येतो, इतकं भारी वाटतं की अंगावर काटा येतो, आणि मग एकदम रिकामं. घरच्यांना सांगितलं तर म्हणतात मग जातेस कशाला. हे नॉर्मल आहे का?

नॉर्मल आहे, खूप जणांना होतं. अंगावर काटा येतो त्याचा तर अभ्यासच झालाय, मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की आवडतं संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन नावाचं, आनंदाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि गंमत म्हणजे ते फक्त त्या शिखराच्या क्षणी सुटत नाही, तो क्षण येणार येणार म्हणून वाट बघतानाही सुटतं, मेंदूच्या वेगळ्या भागात. ही गोष्ट एका गाण्यापुरती झाली. पण मला वाटतं तू महिनोन्महिने जी वाट बघतेस, कोणती गाणी गाईल, काय घालू, कुणाबरोबर जाऊ, त्या वाट बघण्याचाही असाच आनंद असतो, आणि कॉन्सर्ट संपली की एका रात्रीत दोन्ही संपतं. वर झोप झालेली नसते, उभं राहून पाय गेलेले असतात, ओरडून घसा बसलेला असतो.

दुसऱ्या दिवशी मोठं काही काम ठेवू नकोस. तिथे जी गाणी झाली त्यांची यादी क्रमानं लिहून काढ, कुठे काय बोलला, कुठे चुकला, शेजारच्या अनोळखी मुलीनं कोणत्या गाण्याला तुझा हात धरला, सगळं. जी बरोबर होती तिच्याशी पोटभर बोल, घरच्यांना समजावत बसू नकोस, जे तिथे नव्हते त्यांना ते कळणं अवघडच आहे आणि त्यात त्यांचा दोष नाही. दोन-तीन दिवसांत उतरतं. आठवडे गेले तरी उतरत नसेल, खाणंझोप बिघडली असेल तर मात्र ते कॉन्सर्टवर ढकलू नकोस, डॉक्टरांशी बोल.

आणि कान! परत आल्यावर कानात शिट्टी वाजत राहते का तुझ्या? ते कानांना आवाज जास्त झाल्याचं लक्षण आहे, भारी कॉन्सर्ट झाल्याचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये कॉन्सर्टच्या जागांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सांगितली आहे, पण ती सगळीकडे पाळतात असं धरून चालू नकोस. वाजवणारे लोक स्वतः कानात प्लग घालतात, तूही घाल. चांगले प्लग असले की गाणं नीट ऐकू येतं, फक्त आवाज कमी होतो.

प्रश्न : माझं वय 58. ज्यांच्या गाण्यांवर कॉलेज काढलं त्या बँडची कॉन्सर्ट आहे, मुलगा म्हणतो आई तिथे सगळी पोरं असतील, तू उभी राहून दमशील. नवऱ्याला त्या गाण्यांत रस नाही. एकटीनं जावं का, शोभेल का?

जा हो! शोभण्याचा प्रश्नच कुठे येतो, त्या बँडला पहिल्यांदा डोक्यावर घेणारे तुम्हीच होतात, ती पोरं मागून आली. एकटीनं गेलं तर एक फायदाही असतो, दुसऱ्याला मजा येतेय का हे बघत बसावं लागत नाही, आपल्याला हव्या त्या गाण्याला रडता येतं. दमण्याचं म्हणाल तर मुलाचं तेवढं ऐका, बसायची सीट असलेलं तिकीट घ्या, कडेची सीट मिळाली तर उत्तम. गेट उघडायच्या वेळेला जाऊ नका, गर्दी ओसरली की आत जा. परत यायचं कसं ते आधीच ठरवून ठेवा, मुलाला न्यायला बोलवा, येईल तो. आणि सगळे उभे राहून गायला लागले की तुम्हीही उभ्या राहा, शब्द त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त पाठ असणार. कशी झाली ते मला कळवा, कोणतं गाणं शेवटी घेतलं तेही लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.