वाचकांचे प्रश्न : थंडीत, पावसात, झाडीत काँक्रीट

या वेळचे प्रश्न अशा ठिकाणच्या घरांचे आहेत, जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं, पाऊस वर्षातला बराच काळ लागून राहतो आणि अंगणाला झाडांची दाट सावली असते.

प्रश्न : शेडसाठी जमिनीवर ४ बाय ५ मीटरचा, १०० मिमी जाडीचा स्लॅब टाकायचा आहे. आत जाळी आहे. दिवसा ६-७ अंश असतं, पहाटे शून्याखाली २-३ अंशांपर्यंत उतरतं. आत्ता काम करावं का? मिस्त्री म्हणतात, कॅल्शियम क्लोराईड घातलं की गोठायची भीती नाही.

उत्तर : काम करता येईल, पण क्लोराईडच्या भरवशावर नको. ते काँक्रीट लवकर आवळतं, पाणी गोठणं मात्र थांबवत नाही. शिवाय आत जाळी आहे आणि क्लोराईडने सळई गंजते. वेग वाढवायचाच असेल तर कॅल्शियम नायट्रेटवर आधारलेलं, क्लोराईड नसलेलं, मालात घालायचं रसायन घ्या.

धोका नेमका कशाचा, ते आधी पाहू. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. ताज्या काँक्रीटला तो दाब सोसत नाही. पहिल्या रात्रीच गोठलं, तर त्याची निम्मी ताकद कायमची जाऊ शकते आणि पुढे कितीही ऊब दिली तरी ती भरून येत नाही. साधारण ३.५ मेगापास्कल (दाब सोसण्याची ताकद मोजायचं एकक) ताकद आली की एखाद्या वेळच्या गोठण्याला काँक्रीट तोंड देऊ शकतं. १० अंशांवर ठेवलं तर एवढी ताकद सुमारे दोन दिवसांत येते. तापमान १० अंशांनी घसरलं की सिमेंटचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून स्वतः काँक्रीट किती गरम आहे, तेच मोजायचं. हवेचा आकडा पुरेसा नाही.

तयारी दोन-तीन दिवस आधी सुरू करा. गोठलेल्या जमिनीवर काँक्रीट कधीही ओतू नका. ती वितळली की खचते आणि स्लॅब अधांतरी राहतो. जागेवर प्लास्टिक व त्यावर उबदार ब्लँकेट किंवा कोरडा पेंढा घालून ठेवा. सळई टोचून पाहा, खाली कडक थर लागला तर थांबा. फळ्यांवरचं आणि जाळीवरचं दहिवर, बर्फ काढून टाका.

पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं तर चालतं. मात्र क्रम पाळा : आधी खडी, वाळू आणि गरम पाणी फिरवा, सिमेंट शेवटी घाला. कढत पाणी थेट सिमेंटवर पडलं तर गुठळ्या होतात. ओतताना माल १३ अंशांच्या आसपास असावा. सकाळी लवकर ओता, कारण थंडीत सेटिंग (काँक्रीट आवळणं) लांबतं आणि रंधा मारून पृष्ठभाग सपाट करायचं काम रात्रीवर जातं.

फिनिशिंग झालं की प्लास्टिक आणि त्यावर ब्लँकेट घाला. कडा आणि कोपरे सर्वांत आधी गार पडतात, तिथे ब्लँकेट दुहेरी घ्या. थर्मामीटरही कोपऱ्यातच, ब्लँकेटच्या खाली ठेवा. तीन दिवस तो १० च्या खाली जाता कामा नये. झाकण काढताना आधी कडा सैल करा, मग दुपारी काढा. एकदम उघडलं तर वरचा पृष्ठभाग झपाट्याने आकसून तडे जातात. एरवी आपण क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं व्हायला, पाणी मारतो, ते इथे नको. पाण्याने भरलेलं कोवळं काँक्रीट गोठणं सर्वांत वाईट. प्लास्टिकखाली ओल टिकते, तेवढी पुरे.

तंबू उभारून गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर लावणार असाल, तर धूर बाहेर सोडणाराच घ्या. धुरातला कार्बन डायऑक्साइड ताज्या पृष्ठभागाशी संयोग पावतो आणि वरून पीठ सुटायला लागतं. कार्बन मोनॉक्साइडने माणसाच्या जिवाला धोका असतो, तो वेगळाच.

पुढचे तीन दिवस तापमान शून्याखाली ५ च्याही खाली जाणार असेल, तर सरळ थांबा. शेडच्या स्लॅबसाठी एवढी जोखीम घेऊ नये.

प्रश्न : वाळूचा ढीग सतत भिजलेला असतो. दर गोणीला पाणी मोजून घालतो, तरी एक घाणा पातळ होतो, दुसरा घट्ट. काय चुकतंय?

उत्तर : वाळूतलं पाणी हिशेबात धरलं जात नाही. गोठण-वितळण सोसायची असेल तर पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ च्या वर जाऊ देऊ नका. म्हणजे ५० किलोच्या गोणीला एकूण २२.५ लिटर, आणि या एकूणात वाळू-खडीतलं पाणीही आलं.

पाणी मोजायची सोपी पद्धत आहे. ढिगाच्या मधल्या उंचीवरून १ किलो वाळू घ्या, तव्यावर हलवत कोरडी करा आणि गार झाल्यावर पुन्हा वजन करा. समजा ९४३ ग्रॅम भरली, म्हणजे ५७ ग्रॅम पाणी होतं. गोणीला ९० किलो वाळू लागत असेल, तर तिच्यातच ५ लिटरच्या वर पाणी आहे. ओली खडी आणखी एक-दीड लिटर आणते. यातलं थोडं कणांच्या आत मुरलेलं असतं, ते सिमेंटच्या वाट्याला येत नाही. ते सोडून मोकळं पाणी साधारण साडेपाच लिटर धरा आणि मिक्सरमध्ये १७ लिटरच घाला. पूर्ण २२.५ लिटर ओतलं तर प्रमाण ०.५६ वर जातं. असं काँक्रीट पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांतच फुटायला लागतं.

घमेल्याने मोजत असाल तर दुसरी गफलत होते. ५-६ टक्के ओल असलेली बारीक वाळू फुगते. तिचं आकारमान कोरड्या वाळूपेक्षा पाव भागाने जास्त होऊ शकतं, म्हणजे घमेलं भरलेलं दिसतं पण वाळू कमी येते. वजनाने मोजणं हाच उपाय. ढीग उताराच्या जागी, ताडपत्रीखाली ठेवा. तळातली २०-३० सेंमी वाळू निथळल्याशिवाय घेऊ नका. माल घट्ट वाटला तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) घाला. पाणी वाढवायचं नाही.

प्रश्न : दारासमोरच्या पायऱ्या आणि गाडीचा रस्ता दोन वर्षांपूर्वी केला. पहिल्याच हिवाळ्यानंतर पृष्ठभागाचे पोपडे निघू लागले. पुन्हा सिमेंटचा हात मारावा का?

उत्तर : नको. पातळ सिमेंटचा थर पुढच्या हिवाळ्यात आधीच्यासकट निघेल. आधी एक पोपडा उचलून नीट पाहा.

पोपडा २-३ मिमी पातळ असून खालचं काँक्रीट घट्ट असेल, तर दोष फिनिशिंगचा. थंडीत पाणी सुटून वर यायला वेळ लागतो. ते पाणी वर असतानाच रंधा किंवा थापी फिरवली, किंवा ते शोषायला वर कोरडं सिमेंट भुरभुरलं, की वरचा थर पाणचट आणि कमजोर होतो. वरची चमक जाईपर्यंत थांबणं एवढंच खरं काम असतं, आणि नेमकी तिथेच घाई होते. बाहेरच्या कामाला लोखंडी थापीने गुळगुळीत करू नये. लाकडी रंधा आणि वर झाडूचा खरखरीत हात पुरतो, पायही घसरत नाही.

पोपड्यात खडी दिसत असेल आणि खालूनही भुसभुशीत असेल, तर दोष मालाचा. पाणी जास्त होतं किंवा त्यात हवा धरलेली नव्हती. २० मिमी खडीच्या काँक्रीटमध्ये ५ ते ७ टक्के सूक्ष्म हवा, हवा धरणारं रसायन घालून, मुद्दाम आणावी लागते. पाणी गोठून फुगलं की ते या बुडबुड्यांत शिरतं आणि दाब सुटतो. ही हवा नंतर घालता येत नाही. पुढच्या वेळी तयार माल मागवताना हवेचं प्रमाण स्पष्ट सांगा आणि गाडी आल्यावर तपासणीचा आकडा विचारा.

आता दुरुस्ती. हातोडीने ठोकून पाहा. टणक आवाज येतो तिथे सैल भाग खरवडून, धुऊन पॉलिमरयुक्त दुरुस्तीचा थर द्या. पोकळ आवाज येईल तो भाग तोडूनच काढा. काँक्रीट सलग कोरडं मिळेल तेव्हा वर सिलेन किंवा सायलोक्सेन प्रकारचा, आत मुरणारा सीलर मारा. वर पापुद्रा धरणारा चकचकीत सीलर ओल आत कोंडतो.

नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात बर्फ काढायला मीठ टाकू नका, पकडीसाठी वाळू टाका. अमोनियम नायट्रेट किंवा सल्फेटचं खत तर कधीच वापरू नका, ते काँक्रीटलाच खातं. पायऱ्यांना बाहेरच्या बाजूला ५० ला १ उतार असू द्या. पडलेली पानं झाडून काढा. त्यांच्याखाली पृष्ठभाग आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि शेवाळही तिथेच धरतं.

प्रश्न : लाकडी ओट्याचे काँक्रीटचे खांब हिवाळ्यात २-३ सेंमी वर उचलले जातात. पाया तर खोल आहे.

उत्तर : खोली पुरेशी असूनही हे होतं. बारीक गाळमातीत खालचं पाणी वर ओढलं जातं आणि बर्फाचे थर धरतात. त्याच वेळी मातीतला बर्फ खांबाच्या अंगाला चिकटतो आणि त्याला वर खेचतो. खांब ओबडधोबड खड्ड्यात ओतलेला असेल, किंवा वर रुंद व खाली निमुळता असेल, तर बर्फाला पकड आयती मिळते.

तिथली माती जिथवर गोठते त्याच्या खाली पाया न्या आणि तळ रुंद करा, घंटेसारखा. वरचा भाग गुळगुळीत गोल नळीत ओता आणि गोठणाऱ्या उंचीत त्याला प्लास्टिकचे दोन वेढे द्या. उभ्या सळया तळापासून माथ्यापर्यंत सलग हव्यात, नाहीतर वरचा भाग उचलला जाताना खांब मधूनच तुटतो. भोवती खडी भरायची तर पाण्याला बाहेरची वाट ठेवा. चिकणमातीत निचऱ्याविना भरलेली खडी पाण्याचं टाकं होते. माथ्याला थोडा उतार द्या आणि लाकूड त्यात गाडू नका. लोखंडी बैठकीवर २५ मिमी उंच बसवा.

प्रश्न : ताज्या कापलेल्या फळ्यांचं शटरिंग केलं. फळ्या काढल्यावर भिंतीच्या अंगावरून पीठ सुटतंय, आतलं मात्र घट्ट आहे.

उत्तर : लाकडातली साखर आणि टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) यांमुळे सिमेंटचं सेटिंग अडतं. सिमेंटच्या वजनाच्या शेकडा ०.०५ इतकी साखरही ते लांबवायला पुरते. फळ्या उन्हात पडून राहिल्या असतील तर हा त्रास वाढतो. भिंत आतून घट्ट आहे, तर तारेच्या ब्रशने घासून धुवा, एवढंच. पुढच्या वेळी नव्या फळ्यांना चुन्याचं किंवा सिमेंटचं पाणी लावून वाळवा, धुऊन टाका आणि मग तेल लावून वापरा. पहिला वापर पायाच्या झाकल्या जाणाऱ्या भागात केला तर उत्तम.

प्रश्न : स्लॅबच्या जागी जुना बुंधा आहे आणि शेजारी मोठं झाड. बुंधा जमिनीसपाट कापून वर काँक्रीट केलं तर?

उत्तर : बुंधा कुजतो, पोकळी होते आणि स्लॅब तिथेच मोडतो. बुंधा, मुळं आणि काळी पालापाचोळ्याची माती पूर्ण काढा. खड्डा फोडलेल्या खडीने १५-१५ सेंमीच्या थरांत, प्रत्येक थर ठोकून भरा. शेजारच्या जिवंत झाडाची जाड मुळं तोडू नका, झाड वाऱ्यात पडू शकतं. स्लॅब मागे घ्या आणि झाडाजवळचा भाग नुसत्या खडीचा ठेवा. मूळ वर आलं तर खडी सारून पुन्हा पसरता येते.