हे झाड कुठलं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आजोळचं वेंगुर्ल्याजवळचं जुनं घर गेल्या वर्षी आमच्याकडे आलं. मागच्या परड्यात गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून एक मोठं झाड आहे, जाड गडद हिरवी पानं. फेब्रुवारीच्या शेवटी गेलो तर पानांमागच्या जून फांद्यांवर नुसता पांढऱ्या-पिवळ्या फुलांचा थर, आणि सकाळी मधमाश्यांचा एवढा आवाज की वाटलं शेजारी पंप चालू आहे. वास तर घरभर. शेजारचे काका म्हणतात उंडी आहे, फळ कधी धरत नाही, काढून टाका. कंत्राटदार जेसीबी घेऊन तयारच आहे. फोटो पाठवलेत.

उत्तर: ताई, आधी कंत्राटदाराला फोन करून थांबवा, बाकीचं नंतर वाचा. तुमच्या परड्यात सुरंगी आहे!

काकांचा गोंधळ होणं साहजिक आहे कारण उंडी आणि सुरंगी एकाच गोतातल्या, दोघींची फुलं पांढरी, मधे पिवळ्या केसरांचा झुबका, पान तोडलं की दोघींनाही चीक, म्हणून चिकावरून ओळखायला गेलात तर फसाल. पान उजेडात धरा. उंडीच्या पानाला मधल्या शिरेपासून कडेपर्यंत अगदी बारीक, जवळजवळ, सरळ रेघा असतात, कंगव्याच्या दातांसारख्या, एकदा बघितल्या की विसरत नाही. तुमच्या फोटोतल्या पानाला तशा रेघा नाहीत, जाळी आहे. दुसरं म्हणजे उंडीची फुलं लांब देठांवर घोसात येतात आणि सुरंगीची फांदीलाच चिकटून बसतात, पानं गळून गेलेल्या जून भागावर, तुम्ही लिहिलंय तसंच. आणि उंडीला गोल गोल फळं लागतात, बियांच्या तेलावर पूर्वी दिवे जळायचे, ती झाडाखाली पडलेली दिसली असतीच.

फळ का धरत नाही? सुरंगीत काही झाडं नुसती नर असतात, ती फुलं भरभरून देतात पण फळ देत नाहीत. झाडात काहीही खोट नाही. आणि आपल्याकडे सुरंगीची किंमत फुलालाच आहे ना! तुमच्याच तालुक्यात आरवली, आसोलीकडे सीझनमध्ये माणसं पहाटे झाडावर चढतात आणि उमलायच्या आत कळ्या काढतात, कारण एकदा उमललं की मधमाश्या ताबा घेतात. सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, सुकला तरी वास जात नाही, म्हणून तर बायका तो कपड्यांच्या घडीत ठेवतात. आजीच्या ट्रंकेत बघा, एखादा सापडेलही. असं झाड मोठं व्हायला बरीच वर्षं लागतात हो, ते एका सकाळीत आडवं होऊ देऊ नका. घराला अडचण होत असेल तर एखादी फांदी काढा, तीही फुलं संपल्यावर.

सगळ्यांनाच सांगते, नुसत्या फुलाचा क्लोजअप पाठवू नका, पानाची दोन्ही अंगं, साल, फूल फांदीला कुठे लागलंय ते, फळ असेल तर फळ, एवढं लागतं. आणि चीक बघून झाला की हात धुवा, कारण कण्हेर, बिट्टी यांनाही चीक असतो आणि तो विषारी आहे.

प्रश्न: गुहागरला नर्सरीतून नागकेशर म्हणून रोप आणलं होतं. आता खोडावरच गुलाबी, मोठी, नागाच्या फण्यासारखी फुलं आली. हेच नागकेशर का?

उत्तर: नाही, हा कैलासपती. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, देवळाबाहेर बघून आपल्याला तो इथलाच वाटतो. खरं नागकेशर आपल्या सह्याद्रीतलं, फूल पांढरं, चार पाकळ्या, कोवळी पालवी तांबडी. फसवणूकच झाली, पण झाड छान आहे, ठेवा. फक्त त्याखाली झोपाळा बांधू नका. फळं तोफगोळ्याएवढी होतात आणि पडून फुटली की वास सहन होत नाही.

प्रश्न: मालवणला खाडीकाठी आमच्या कुंपणात एका झाडाला सकाळी पिवळी आणि संध्याकाळी लालसर फुलं दिसतात. कलम केलंय का कुणी?

उत्तर: कलम वगैरे काही नाही, भेंड आहे. सकाळी उमललेलं पिवळं फूलच संध्याकाळपर्यंत लालसर होऊन मिटतं. पण खाडीला अगदी तसंच फूल येणारं अजून एक झाड असतं, म्हणून पान उलटून बघा. खालचं अंग पांढुरकं, लवदार असेल तर ते दुसरं, दोन्हीकडून गुळगुळीत, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं असेल तर भेंडच. दुसऱ्याचं फळ सुकलं की पाच फाका होऊन उकलतं, भेंडाचं तसं उकलत नाही. फळं धरली की एक फोटो पाठवा, पक्कं सांगते.