किट विमान बांधताना जोडणीचा क्रम चुकला, तर सगळे रिव्हेट काढावे लागतात का?

तुम्ही लिहिलंय की घरी बांधत असलेल्या किट विमानाची आडवी शेपटी जोडताना मागचा स्पार (लांबीभर जाणारी मुख्य तुळई) आधीच रिव्हेट करून, म्हणजे धातूच्या खिळींनी पक्का करून टाकला, आणि मधली रिब (आकार देणारी आडवी फासळी) पुढच्या स्पारला जोडणारे काही रिव्हेट राहून गेले. आता आत बकिंग बार (रिव्हेट ठोकताना मागून धरायचा जड ठोकळा) धरायला जागा नाही. सगळं सोडवू की एकाच बाजूने बसवता येणारे पॉप रिव्हेट मारून मोकळा होऊ, असा प्रश्न.

सगळं सोडवायची गरज बहुधा पडणार नाही. शिवण उसवताना जेवढे टाके उसवायला लागतात तेवढेच उसवायचे, कारण चांगला बसलेला रिव्हेट काढताना भोक मोठं होण्याची भीती असते, आणि स्किनचा, म्हणजे बाहेरच्या आवरणाचा, पत्रा साधारण पाव इंचाच्या दहाव्या भागाइतकाच जाड असतो. चाळीस चांगले रिव्हेट काढून चार बसवणं हा घाट्याचा व्यवहार.

म्हणून आधी हात कुठून जातो ते बघा. रिबना वजन कमी करायला पाडलेली मोठी भोकं असतात, त्यांतून बार पोचतो का? टंगस्टनचा बार लहान असूनही जड असतो, अडचणीच्या जागी तोच कामाला येतो. घरात सगळ्यात बारीक मनगट कोणाचं आहे तेही बघा. मी हे गमतीने म्हणत नाही. कित्येक गॅरेजांत असले रिव्हेट बायकोने किंवा शाळकरी पोराने बार धरून बसवलेत.

ते जमलं नाही तर फोटो आणि ड्रॉइंगवर खूण करून किट बनवणाऱ्यांच्या बिल्डर सपोर्टला पाठवा. त्या जागी ब्लाइंड (एकाच बाजूने बसणारा) रिव्हेट चालेल का, कोणता आणि किती, हे त्यांनीच सांगायचं. हार्डवेअरच्या दुकानातला पॉप रिव्हेट आणि विमानाचा स्ट्रक्चरल ब्लाइंड रिव्हेट दिसायला भाऊ वाटतात, पण ताकदीत फार फरक. स्पारच्या जोडावर स्वतःच्या मनाने बदल करू नका.

त्यांनी 'सोडवा' म्हटलं तरच ड्रिल उचला. एडी (विमानात नेहमी वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या) रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध छोटा खळगा असतो, बिट तिथेच टेकवा. ३/३२ इंचाच्या रिव्हेटला ४० नंबरचं बिट, १/८ ला ३० नंबरचं. हात कापत असेल तर एक नंबर बारीक घ्या. भोक फक्त डोक्याच्या जाडीइतकं पाडायचं, पत्र्यापर्यंत जायचं नाही. मग त्यात तेवढ्याच जाडीचा पंच घालून तिरका केला की डोकं तुटून येतं. उरलेला दांडा ठोकताना मागून भोक पाडलेला लाकडी ठोकळा धरा, नाहीतर रिबची फ्लँज (दुमडलेली कड) वाकते. दांडा आडला तर जोर लावू नका, त्यात थोडं खोल ड्रिल करा, म्हणजे तो सैल पडतो.

एवढं करूनही स्किनचं एखादं भोक मोठं झालंच, तर एनएएस १०९७ एडी ४ नावाचा रिव्हेट मिळतो. त्याचा दांडा १/८ इंचाचा, पण डोकं जवळपास ३/३२ च्या चपट्या रिव्हेटएवढं, म्हणून त्याच डिंपलमध्ये (डोक्यासाठी पत्र्यात दाबलेल्या खळग्यात) बसतो. अमेरिकेत बिल्डर त्याला 'उप्स रिव्हेट' म्हणतात. फक्त भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर उरतंय ना, ते मोजा. उरत नसेल तर पुन्हा बिल्डर सपोर्ट.

तुम्ही ओहायोत आहात म्हणताय, मग ईएएचा (हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचा) टेक्निकल काउन्सेलर गाठा. हे अनुभवी स्वयंसेवक असतात, घरी येऊन बघतात आणि पैसे घेत नाहीत. झालेली चूक, दुरुस्ती आणि सपोर्टचं उत्तर बिल्डर लॉगमध्ये (बांधणीच्या नोंदवहीत) फोटोसकट ठेवा. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या) नियमानुसार विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी लोकांनी स्वतः केलंय हे दाखवावं लागतं, आणि दुरुस्तीच्या अशा नोंदींनी लॉगवरचा विश्वास वाढतोच.

पुन्हा बंद करण्याआधी आतले तुटलेले तुकडे काढा. ॲल्युमिनियम असल्यामुळे चुंबकाचा उपयोग नाही. व्हॅक्यूमची बारीक नळी फिरवा, मग शेपटी उचलून दोन्ही बाजूंना कलती करा. खडखड ऐकू आली तर बंद करू नका.