हरिजन, दलित की बौद्ध: म्हणायचं तरी काय?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत 'निग्रो' गेलं, 'ब्लॅक' आलं, मग 'आफ्रिकन अमेरिकन', आता पुन्हा 'ब्लॅक'. आपल्याकडे 'हरिजन' चालत नाही, 'दलित'ही काहींना खटकतं. शब्द असे सारखे बदलत राहिले तर सामान्य माणसाने लक्षात तरी काय ठेवायचं?

तुमच्या 'सामान्य माणसा'त आम्हाला धरलेलं दिसत नाही. असो.

अमेरिकेचं थोडक्यात उरकतो. साठच्या दशकाच्या शेवटी तिथल्या तरुणांनी 'निग्रो' झुगारून 'ब्लॅक' अभिमानाने लावलं. १९८८च्या सुमारास तिथले नागरी हक्कांचे नेते जेसी जॅक्सन यांनी 'आफ्रिकन अमेरिकन'चा आग्रह धरला. २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 'ब्लॅक'मधला बी कॅपिटल केला. आज दोन्ही चालतात. समोरचा स्वतःला काय म्हणतो ते ऐका आणि तेच म्हणा, झालं.

आता आपल्याकडचं. आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात. कोकणातल्या वाडीचा अर्धा कारभार मुंबईत चालतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली ही नावं जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी यावीत. हेतू चांगलाच होता. पण त्या यादीत 'बौद्धवाडा'ही होता! ग्रामसेवकाने निरोप धाडला, वाडीचं नवीन नाव काय ते कळवा. झालं, मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीतल्या एका खोलीत वाडीच्या मंडळाची मीटिंग लागली.

पोरांना भीमनगर हवं होतं. दोघं-तिघं म्हणाले, समतानगर टाका आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, नाव बदलायचंच कशाला? घरपट्टीच्या पावतीवर 'महारवाडी' छापलेलं असायचं, ते 'बौद्धवाडी' करून घ्यायला माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी ग्रामपंचायतीत किती अर्ज दिले ते मी पाहिलंय. मूळ अर्ज कुठे गहाळ झाला म्हणून वडील कार्बन कॉपी जपून ठेवायचे. एवढं करून मिळवलेलं नाव जातिवाचक कसं? बौद्ध हा धर्म आहे.

त्यावर तात्या उठले. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. गिरणीत होते, ८२च्या संपात घरी बसले, आणि त्याआधी दलित पॅंथर संघटनेत होते. म्हणाले, "बौद्ध बौद्ध करून तुम्ही खालच्या चर्मकारवाडीला परकं केलंत. आम्ही दलित म्हणायचो तेव्हा सगळे एका ताटात होते. क्रांतीनगर लावा."

हे भांडण आमच्या घरात नवीन नाही. १९७२ साली मुंबईत दलित पॅंथर निघाली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पॅंथरवरून घेतलं. तुमच्या प्रश्नातली अमेरिका आमच्या घरात शिरली ती अशी. १९७३च्या जाहीरनाम्यात 'दलित' म्हणजे कोण ते लिहिलंय: अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया. १९७४ साली पॅंथरचे नेते राजा ढाले आणि नामदेव ढसाळ वेगळे झाले. बुद्ध की मार्क्स, हा त्या वादाचा गाभा. माझे वडील ढाल्यांकडे, तात्या ढसाळांकडे. पुढे ढाले 'दलित' शब्दाच्याच विरोधात बोलू लागले, तेव्हापासून आमच्या घरी दिवाळी-गणपती नसले तरी हा वाद मात्र दरवर्षी व्हायचा.

मी वडिलांच्या बाजूचा, हे सांगायला नकोच. 'दलित' म्हणजे दुसऱ्यांनी आम्हाला तुडवलं त्याची नोंद. 'बौद्ध' म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात आम्ही काय केलं त्याची नोंद. माझ्या मुलीने स्वतःची ओळख करून देताना आधी तुडवणाऱ्याची आठवण का काढावी?

तात्यांचं ठरलेलं उत्तर, बाबासाहेबांनीसुद्धा दलित शब्द वापरला. वापरला ना. पण त्यांच्या संस्था आणि वृत्तपत्रं ओळीने मांडा. १९२४ला बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ला 'बहिष्कृत भारत'. १९३६ला स्वतंत्र मजूर पक्ष, १९४२ला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन. आणि १९५६ला 'जनता'चं झालं 'प्रबुद्ध भारत'. बहिष्कृतपासून प्रबुद्धपर्यंत. तिथे मीटिंगमध्ये हे बोललो तर तात्या म्हणाले, "वाचून आलास वाटतं."

'हरिजन'बद्दल आमच्या घरात एकमत आहे. गांधीजींनी १९३३मध्ये त्या नावाचं साप्ताहिक काढलं, काँग्रेसने शब्द उचलला. १९३८ साली मुंबई विधिमंडळात काँग्रेस सरकारने तो विधेयकात घातला तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभागृहातून निघून गेले. म्हणजे 'हा शब्द नको' हे तेव्हाच सांगून झालं होतं. १९८२ साली केंद्राने राज्यांना कळवलं की दाखल्यावर 'हरिजन' लिहू नका. तरी आजही कुणीतरी काका "आमच्याकडे एक हरिजन कामाला होता, फार प्रामाणिक" असं कौतुकाने सांगतात. शब्द सारखे बदलतात म्हणे! चव्वेचाळीस वर्षं घेतली हो ऐकायला.

आणि 'नवबौद्ध'. सरकारी योजनांत अजून 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असतं. सवलतींच्या कागदावर धर्मांतरित कोण ते कळायला तो शब्द आला, ते मला माहीत आहे. पण २०११च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली. माझी मुलगी कुठून नव? ऑफिसात एकजण मला "तुम्ही नवबौद्ध ना?" असं आवाज खाली आणून विचारायचा. शब्द सभ्य होता, पण आवाज 'महारवाडा' म्हणणाऱ्याचाच. म्हणून सांगतो, नुसते शब्द पाठ करू नका.

मीटिंगचं काय झालं? रात्री शेवटची कर्जत लोकल चुकायची वेळ आली तेव्हा ठराव झाला: बौद्ध ही जात नाही, सबब निर्णय आमच्या वाडीला लागू नाही, नाव कायम. तात्यांनी सही केली नाही. ग्रामसेवकाने ठराव फाईलला लावला. बोर्ड आहे तिथे आहे.

तर तुम्ही काय म्हणायचं? माणूस बौद्ध असेल तर बौद्ध म्हणा. कायदा, आरक्षण, ॲट्रॉसिटीचा विषय असेल तर अनुसूचित जाती. मातंग, चर्मकार यांना आमच्या खात्यात बौद्ध म्हणून टाकू नका, त्यांतले बरेच हिंदू आहेत आणि त्यांना त्यांचं नाव आहे. सगळ्यांबद्दल एकत्र बोलायचं असेल तर 'दलित'ला पर्याय अजून मिळालेला नाही, हे मान्य करतो. चळवळीत, साहित्यात कुणी स्वतःला दलित म्हणत असेल तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नका, तुमचं ते काम नाही. आणि जात विचारायची गरज नसेल तर हा प्रश्नच येत नाही. भाड्याने घर देताना तर अजिबात नाही.

एक राहिलं. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानंतर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना 'दलित' शब्द टाळायची सूचना केली. शब्द मला नकोसा असला तरी ती सूचना मला पटली नाही. आमचा शब्द आम्ही टाकू, मंत्रालयाने टाकायचा नाही. तात्यांना हे कळलं तर म्हणतील, आलास ना माझ्या बाजूला? नाही आलो. वर्गणीच्या पावतीपुस्तकावर 'बौद्ध'च छापणार, आणि यंदा छपाई माझ्याकडे आहे.